घरातली फायनल

"या खेपेला गोल्ड पद्मजाला," इंगवले सर म्हणाले आणि खाल्लेल्या केळ्याचं साल माझ्या हातात दिलं. टाकून ये म्हणून.

नगरच्या एका कॉलेजच्या हॉलबाहेर आम्ही तिघं उभे होतो. सर, मी आणि माधवी शिंत्रे. आत राज्याची ज्युदो स्पर्धा चालू होती, पस्तिशीच्या पुढच्या बायकांचा गट. मी आणि माधवी आपापल्या लढती जिंकून फायनलला आलो होतो. दोघी एकाच वजनाच्या, दोघी इचलकरंजीच्या आणि दोघी सरांच्याच क्लबच्या.

"म्हणजे काय सर?" मी विचारलं. म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे काय म्हणजे? घरातली फायनल आहे बाळ. आत जायचं, जरा धरल्यासारखं करायचं, माधवी पडेल. दोन्ही पदकं आपल्याच घरात येतात की. या वयात एकमेकींची हाडं मोडून घेऊन काय करायचंय? काय गं माधवी?"

"सर म्हणतील तसं," माधवी म्हणाली. खाली बघून पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साल तिथंच व्हरांड्यात फेकून दिलं.

आमच्या क्लबात ही रीतच होती. एका क्लबाच्या दोघी फायनलला आल्या की लढायचं नाही. कुणी जिंकायचं ते सर ठरवणार, दुसरीने पडायचं. सरांनी हे कुणापासून लपवलंही नव्हतं. त्याला ते 'मोठेपणा' म्हणायचे. "अमकीनं मोठेपणा दाखवला," असं म्हणून जी पडायची तिच्या पाठीवर थाप मारायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सर फुकट शिकवायचे, स्वतःच्या खिशातून पोरींना स्पर्धेला न्यायचे. त्यांनी सांगितलं की संपलं. देवळात नारळ कुणी फोडायचा ते पुजारी सांगतो, तेवढंच साधं.

मी वीस वर्षांची असताना माझी पाळी आली. कोल्हापूरला जिल्ह्याची निवड होती. फायनलला मी आणि माधवी. जी जिंकेल ती राज्याला जाणार. मी त्या वर्षी जोरात होते, क्लबातली पोरंसुद्धा माझ्यासमोर यायला का-कू करायची. माधवीही कमी नव्हती. तिची टांग अशी बसायची की कळायच्या आत माणूस छताकडं बघत असायचा. आमच्यातली कोण भारी, हे आम्हालाही माहीत नव्हतं. मला ते बघायचं होतं. रात्रभर झोप नव्हती, इतकं बघायचं होतं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "बाळ, माधवीला सोड. तिच्या घरी बाप नाही. प्रमाणपत्र असलं की तिला नोकरीला उपयोगी पडेल. तुझं काय, तुझं तर लग्न ठरायलंय."

माझं लग्न ठरलंबिरलं काही नव्हतं. बघायला आले होते, पोहे खाऊन गेले होते. पण मी "बरं सर" म्हटलं. आत गेले, माधवीने टांग घातली आणि मी उडी मारून पडले. पंचांनी हात वर केला. इप्पॉन. म्हणजे पाठ टेकली, लढत खलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आले, ज्युदोचा ड्रेस माळ्यावर टाकला आणि पुन्हा त्या हॉलची पायरी चढले नाही. माधवीशी बोलले नाही. ती दोनदा घरी आली होती, आईने सांगितलं मी झोपलीय म्हणून.

मग पोहे खाऊन गेलेल्यांचाच होकार आला. चौगुल्यांच्या घरात गेले. यंत्रमागाची शेड, दोन मुली, सासूबाई, सगळं रीतसर झालं. माझा नवरा सन्मती शांत माणूस. तो म्हणायचा, "आमच्या हिला राग येत नाही, राग हिच्याकडं राहायलाच आलाय." मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागते, लोकांना वाटायचं त्यामुळं माझा आवाज चढलेला असतो. तसं नव्हतं ते.

पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. मग एकदा मंडईत भेंडी निवडत होते, तर ज्युदोच्या ड्रेसमधली एक शेंबडी पोरगी माझ्याकडं बघत उभी. म्हणाली, "काकू, तुम्हीच का त्या? माधवी मॅडमनी उचलून आपटलं होतं त्या?"

"कोण म्हणतंय?"

"सर सांगतात की. मॅडमची टांग म्हणजे काय ते सांगताना तुमचंच नाव घेतात."

मी भेंडी तशीच ठेवली. घरी आले, माळ्यावर चढले. सन्मती खालून शिडी धरून उभा. "अगं काय शोधायलीयस?"

"ड्रेस."

"कसला ड्रेस? या वयात कुठं आपटून घ्यायला निघालीस?"

"आपटून घ्यायला नाही, आपटायला."

त्याने शिडी आणखी घट्ट धरली. शहाणा आहे तो.

क्लबात सरांनी मला बघितलं आणि मुलगी माहेरी आल्यासारखा आनंद केला. "ये ये बाळ! मला माहीत होतं तू येणार." मी वाकून नमस्कार केला. मला क्लब पाहिजे होता, आणि गावात दुसरा नव्हता. माधवी तिथंच संध्याकाळी पोरींना शिकवायची. दिवसा ती शाळेत क्रीडाशिक्षिका होती. त्या प्रमाणपत्रावर लागलेली नोकरी. मला बघून तिचा चेहरा पडला, मग हसली. "कशी आहेस पद्मा?"

"बरी आहे. लढशील?"

"आज नको गं. गुडघा दुखतोय."

तो गुडघा मग सहा महिने दुखत होता. बाकी सगळ्यांशी सराव करताना ठणठणीत असायचा, मी समोर गेले की दुखायचा. मी कॉलेजच्या पोरींबरोबर पडत राहिले. पहिले काही आठवडे तर नुसतं पडायचंच काम. अंग विसरून गेलं होतं. रात्री कूस बदलताना आई आठवायची. सासूबाई एरंडेलाने पाठ चोळून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "मागाच्या दांडीत सापडलीस तरी इतकी सुजली नसतीस." पण हळूहळू हात सापडायला लागले. खांद्यावरून फेकणं, हा माझा डाव होता, तो परत आला. मी तो एकेका पोरीवर टाकायचे आणि दर वेळी मनात माधवीच असायची. स्पर्धेत तर तिला समोर यावंच लागणार होतं. मला पदकाचं काही पडलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तिने मला धरावं, मी तिला धरावं आणि कोण पडतंय ते पंचांनी सांगावं, सरांनी नाही.

आणि आता नगरला, त्या व्हरांड्यात, सर पुन्हा वाटप करत होते.

"मला गोल्ड नको सर," मी म्हटलं. "मला लढायचंय."

"अगं पण तुला देतोय ना! मागं तुझं राहिलं होतं. माझ्या मनात होतं ते. आज तुझं तुला देऊन टाकतोय, आता काय तक्रार?"

"तुमच्या खिशातलं आहे का ते, द्यायला?"

सरांचा चेहरा लाल झाला. "आवाज खाली. कुणाशी बोलतीयस? पहिल्यांदा पट्टा बांधायला कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. आणि पडायलाही तुम्हीच शिकवलंत."

"पद्मा, गप," माधवी म्हणाली.

"तू गप! तुला तोंड आहे का? सर म्हणतील तसं, सर म्हणतील तसं! जेवताना घास किती मोठा घ्यायचा तेही विचारतीस का त्यांना?"

तेवढ्यात आतून आमच्या नावाचा पुकारा झाला. आत जाता जाता मी तिचा दंड धरला आणि कानात सांगितलं, "पडायचं नाही. सांगून ठेवते. तू जर मुद्दाम पडलीस तर याद राख." तिने मान हलवली. होय म्हणून हलवली का नाही म्हणून, ते कळलं नाही.

मी निळ्या ड्रेसमध्ये, ती पांढऱ्या. वाकून नमस्कार केला. पंच "हाजिमे" म्हणाले, म्हणजे सुरू करा, आणि मी तिची कॉलर पकडली. काय सांगू, इतक्या वर्षांनी ती कॉलर हातात आली आणि मी ती मुठीत गच्च आवळली. तिनेही धरलं. जरा ओढाताण झाली. मला वाटलं, आली, आता ही लढणार. मी वळले, तिचा हात खांद्यावर घेतला, खाली बसून ओढलं.

ती गेली माझ्यावरून. पाठीवर पडली. इप्पॉन. हॉलमध्ये टाळ्या.

आता हे ज्याने ज्युदो केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगते. माणूस पाडला की त्याचं वजन हाताला लागतं. खांद्याला, कमरेला, टाचेपर्यंत लागतं. उडी मारलेल्याचं लागत नाही. नुसता कपडा झटकल्यासारखं वाटतं. माधवी माझ्यावरून गेली तेव्हा माझ्या खांद्याला काही म्हणजे काही लागलं नाही.

मी तिची कॉलर सोडली नाही. तशीच तिच्यावर वाकले. "ऊठ. ऊठ भवाने. लढ!"

"झालं ना आता?" ती खालून पुटपुटली. "मिळालं ना तुला? सोड."

पंचांनी मला हाताला धरून बाजूला केलं. माझा हात वर करायला लागले तर मी हिसका मारला. त्यांना वाटलं आनंदाने वेडी झालीय बाई. सर कडेला उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. त्याचीच मला जास्त चीड आली.

पदकं गळ्यात पडली. सर फोटोसाठी दोघींच्या मध्ये उभे राहिले. "हसा की बाळांनो." माधवी हसली. सवयच होती तिला.

फोटो झाल्या झाल्या मी तिचं मनगट धरलं आणि ओढत शेजारच्या खोलीत नेलं. तिथं लढतीआधी अंग गरम करायला मॅट टाकलेले होते. सगळे हॉलमध्ये होते, तिथं कुणी नव्हतं. मी दार लोटलं.

"काय करायलीयस?" ती म्हणाली.

"इथं लढायचं. पंच नाही, सर नाही, टाळ्या नाहीत. ये."

"वेडी झालीयस तू. गोल्ड मिळालं तरी समाधान नाही?"

मी गळ्यातलं पदक काढून कोपऱ्यात भिरकावलं. "हे तुला पाहिजे असलं तर घे. तुला घ्यायची सवय आहे. नोकरी घेतलीस, नाव घेतलंस, पोरींना माझ्या नावाने गोष्टी सांगतीस."

"मी नाही सांगत! सर सांगतात!"

"आणि तू ऐकून घेतीस. एकदा तरी म्हणालीस का, ती मुद्दाम पडली होती म्हणून?"

तिच्या गळ्यावर लाल डाग उठले होते.

"का नाही म्हणालीस? मी सांगू? तुला माहीत आहे, खरी लढलीस तर हरशील. तेव्हाही हरली असतीस. म्हणून तुझा गुडघा दुखतोय सहा महिने. भित्री आहेस तू. सरांच्या पदराआड लपून मोठी झालीस."

एवढं बोलले आणि वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. गळ्यातलं रुपेरी पदक तिने काढलं, खिडकीत ठेवलं. केस सोडून पुन्हा घट्ट बांधले. मॅटवर आली आणि वाकून नमस्कार केला. मी तिला कधीच तशी बघितली नव्हती. नाकपुड्या फुललेल्या, ओठ आवळलेले.

"ये," ती म्हणाली. "ये, तुझ्या मायला!"

माधवी शिंत्रेच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदा ऐकली.

तिने धरलं तेव्हाच कळलं की हे वेगळं आहे. माझी बाही तिने अशी पिळली की बोटं बधिर झाली. मी आत शिरायला बघितलं, तिने कोपराने अडवलं. मी पाय मारला, ती हलली नाही. दोघी नुसत्या धापा टाकत होतो, बैलांसारख्या एकमेकींना रेटत होतो. एकदा मी तिला गुडघ्यावर आणलं, ती उठली. एकदा तिने मला भिंतीवर नेऊन आपटलं, मी सुटले. माझा ओठ फुटला होता. राग होता, पण त्या रागात मला इतकं बरं वाटत होतं की ओरडावंसं वाटलं. मग मला फट दिसली. तिचा उजवा हात ढिला झाला. मी वळले, खांदा खाली घातला, ओढलं, आणि या वेळी वजन लागलं, टाचेपर्यंत लागलं. आता ही जाणार.

ती गेली नाही. मागून तिने कंबर धरली, वाट बघितली, आणि मी परत सरळ होतेय तोवर तिची टांग आली. मला आठवतंय ते एवढंच, की छताला पंखा होता आणि तो बंद होता.

मी खांद्यावर पडले. काहीतरी कट्‌ झालं. श्वास गेला तो येईना.

माधवी माझ्यावर वाकली. मला वाटलं विचारेल, लागलं का गं. तिने माझी कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि हलवलं मला, त्या मोडलेल्या खांद्यासकट.

"सोडलंस का?" ती ओरडली. "पद्मा, खरं सांग. सोडलंस का या वेळी पण?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आईची शपथ घे! सोळा वर्षं झाली. मला कळलं होतं तू उडी मारलीस. हाताला काहीच लागलं नव्हतं माझ्या. कुणाला विचारू मी? सरांना विचारलं, ती लढली असती तर पडली असती का, तर म्हणाले, तुझी टांगच तशी आहे. तू दारात उभं केलं नाहीस. पोरी रोज विचारतात, मॅडम कसं पाडलं त्यांना? मी काय सांगू? मला येतं का नाही येत, हेच मला माहीत नाही! सहा महिने मी तुला घाबरत होते, पण तू पाडशील म्हणून नाही, तू परत सोडशील म्हणून. बोल ना! सोडलंस का?"

तिचे अश्रू माझ्या तोंडावर पडत होते. आणि मी, जी इतकी वर्षं माझं एकटीचंच गेलं म्हणून जळत होते, तिच्याकडं बघतच राहिले.

"नाही सोडलं," मी कशीबशी म्हटलं. "सोडतंय कोण तुला? जीव घ्यायला आले होते मी तुझा. पाडलंस तू मला. खरी पाडलीस. आता कॉलर सोड, मेले मी."

तिने कॉलर सोडली. शेजारी मांडी घालून बसली आणि मोठ्याने रडायला लागली. ओठ दाबून नाही, लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. मीही रडत होते. खांद्यामुळं, आणि हरल्यामुळं. हरले होते ना मी! सहा महिने रोज आपटून घेऊन, समोरासमोर, धडधडीत हरले होते. फार राग आला. पण हा राग वेगळा होता, माझा स्वतःचा होता, कुणी हातात दिलेला नव्हता.

धप्पकन आवाज ऐकून असेल, दार उघडलं आणि सर धावत आत आले. दोघी मॅटवर बसलेल्या, दोघींचे केस सुटलेले, माझ्या ओठाला रक्त, तिच्या बाहीची शिवण उसवलेली. पदकं कुठल्या कुठं. ते दारातच थांबले.

"अगं काय केलंत हे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ते कधी माझ्याकडं बघत, कधी तिच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, राग होता आणि आणखी एक काहीतरी होतं, जे मी त्यांच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं.

"लढलात?" त्यांनी विचारलं.

"हो," माधवी म्हणाली.

सर एक पाऊल पुढं आले. आवाज एकदम खाली आला त्यांचा.

"मग... कोण जिंकलं?"

माधवीने माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खांदा जुळला, थंडीत दुखतो. सर थकलेत, तरी भेटले की आडून आडून विचारतात, काय बाळ, त्या दिवशी नगरला नक्की काय झालं होतं? माधवी त्यांना काही सांगत नाही. मीही मरेपर्यंत सांगणार नाही.